गृहकर्ज दुसऱ्या बँकेत नेण्याआधी
कर्जाचं स्टेटमेंट काढा आणि व्याजदर रेपोशी (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दराशी) जोडलाय की जुन्या एमसीएलआरशी (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते त्या दराशी), ते बघा. ऑक्टोबर २०१९ पूर्वीचं कर्ज असेल तर बहुधा जुनाच दर चालू असतो. मग आधी आपल्याच बँकेत अर्ज द्या. थोडं शुल्क भरून दर बदलता येतो आणि घराची मूळ कागदपत्रं हलवावी लागत नाहीत. तिथे जमलं नाही तरच दुसरी बँक. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, पण प्रोसेसिंग फी नि मुद्रांक शुल्क हिशेबात धरा.

३० लाखांचं कर्ज, २० वर्षं बाकी, दर ९ वरून ८ टक्के झाला तर हप्ता सुमारे १,९०० रुपयांनी उतरतो. माझं ऐकाल तर हप्ता उतरवू नका. तोच चालू ठेवला तर कर्ज जवळपास ३ वर्षं आधी फिटतं.