सेन्सरच्या मिलिव्होल्टसाठी इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा, कसा जोडावा

२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) ५ व्होल्टवर चालवला, तर पूर्ण वजनालाही त्याच्या दोन सिग्नल तारांत जेमतेम १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. त्या दोन्ही तारा मात्र ग्राउंडपासून २.५ व्होल्ट वर बसलेल्या असतात. आपल्याला हवा तो फरक, २.५ व्होल्ट नकोत. एक ऑप-अ‍ॅम्प (साधा अ‍ॅम्प्लिफायर चिप) आणि १ टक्क्याचे चार रेझिस्टर लावून हे जमेल असं वाटतं, पण रेझिस्टर वाईट जुळले तर १ गेनलाच (म्हणजे सिग्नल एकपटच ठेवला तरी) या २.५ व्होल्टचे ५० मिलिव्होल्ट आउटपुटला येतात, म्हणजे सिग्नलच्या पाचपट. म्हणून इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर हा तयार चिप: तो दोन तारांमधला फरक तेवढा वाढवतो, दोन्हींवरचं सामाईक व्होल्टेज सोडून देतो.

आधी कागदावर तीन आकडे लिहा: सिग्नलचा फरक, दोन्ही तारांवरचं सामाईक व्होल्टेज, हाताशी असलेला सप्लाय. बहुतेक जण थेट गेन काढायला बसतात. माझ्या मते चिप ठरतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यावरून. एडी६२० हा असा चिप उत्तम आहे, पण नुसत्या ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट सप्लायच्या दोन्ही टोकांपासून व्होल्टभर अलीकडेच अडतं. तिथे एडी६२३ घ्या. डेटाशीटमधला सामाईक व्होल्टेज आणि आउटपुट यांचा आलेख नक्की बघा. इनपुट मर्यादेत असूनही चिपच्या आतले ऑप-अ‍ॅम्प आधीच सप्लायच्या टोकाला टेकलेले असू शकतात.

गेन सोपा आहे. १० मिलिव्होल्टचे २ व्होल्ट करायला २०० लागतो. एडी६२३ चा गेन म्हणजे १ अधिक १०० किलोओहम भागिले गेन-रेझिस्टर. ४९९ ओहम लावला की २०१ मिळतो. ऑफसेटही (दोन्ही इनपुट सारखे असतानाही चिप दाखवतो तो छोटा फरक) तितक्याच पटीने वाढतो हे विसरू नका: इनपुटचे १०० मायक्रोव्होल्ट आउटपुटला २० मिलिव्होल्ट होतात. शून्य वजनाचं वाचन वजा केलं की ते जातं, पण तापमानासोबत सरकणारा भाग उरतोच.

रेफरन्स पिनला (आउटपुटचं शून्य जिथून ठरतं ती पिन) ०.५ व्होल्ट द्या, म्हणजे शून्य वजनाला आउटपुट तळाशी चिकटणार नाही. नुसता दोन रेझिस्टरचा डिव्हायडर मात्र जोडू नका. त्याचा रोध आतल्या रेझिस्टरांची जुळणी बिघडवतो आणि ज्यासाठी चिप घेतला तो सामाईक व्होल्टेज सोडून देण्याचा गुणच जातो. मध्ये ऑप-अ‍ॅम्पचा बफर (व्होल्टेज तेच ठेवून कमी रोधाने पुढे देणारी जोडणी) हवा.

आता सगळ्यात जास्त सर्किटं जिथे फसतात ती जागा. चिपच्या प्रत्येक इनपुटला काही नॅनोअँपिअर करंट लागतो आणि त्याला परतीची वाट लागते. लोडसेलचा ब्रिज (त्याच्या आतली रेझिस्टरांची जोडणी) ती देतो. कशालाच न जोडलेला, अधांतरी थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) देत नाही. मग आउटपुट हळूहळू सरकत जाऊन एका टोकाला बसतं आणि आपण चिप जळाला समजून नवा लावतो. थर्मोकपलच्या एका तारेपासून इनपुटच्या मर्यादेत बसणाऱ्या व्होल्टेजला १०० किलोओहम जोडा, प्रश्न मिटतो.

लांब केबल असेल तर प्रत्येक इनपुटला १ किलोओहम मालिकेत, तिथून ग्राउंडला १ नॅनोफॅरॅड, आणि दोन इनपुटांमध्ये १० नॅनोफॅरॅड. मधला कपॅसिटर दहापट ठेवायचा, कारण ग्राउंडकडच्या दोन कपॅसिटरांतला फरक तोच झाकतो.

सेन्सर जोडण्याआधी दोन्ही इनपुट एकत्र करून २.५ व्होल्टला जोडा. आउटपुट ०.५ व्होल्टच्या आसपास, गेनने वाढलेल्या ऑफसेटइतक्याच फरकाने, दिसायला हवं. मग ते व्होल्टेज २ ते ३ फिरवा. आउटपुट त्यासोबत ठळकपणे हललं, तर आधी रेफरन्सचा बफर तपासा.