ट्रेलरच्या रंगाचे टवके उडतायत? कोकणात या चुका टाळा

मुंबई-गोवा महामार्गावरून कॅराव्हॅन ट्रेलर ओढत आणला की मार बसतो तो ए-फ्रेमला (गाडीला जोडणाऱ्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याला), पुढच्या भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आणि चाकांवरच्या कमानींना. टवका दिसायला मसुराएवढा असतो, पण किनाऱ्यावर तो नुसता रंगाचा प्रश्न राहत नाही. आत मीठ जाऊन बसतं.

धुण्याआधी घासणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टवक्यातलं मीठ पॉलिश पेपरने निघत नाही, ते ओरखड्यांत आणखी दाबलं जातं. वरून प्रायमर मारला तरी मीठ रंगाच्या थरातून ओलावा खेचत राहतं, खाली फोड धरतात आणि पावसाळ्यात टवक्याभोवतीचा रंग पोपड्यासारखा सुटतो. म्हणून आधी सौम्य शाम्पू आणि गोडं पाणी, दोनदा. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यामुळे शेवटचं धुणं तरी पिण्याच्या पाण्याने करा. पूर्ण वाळलं की मेण-तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मगच पेपर हातात घ्या.

पत्रा न ओळखता प्रायमर लावणं

लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड: 80 नंबरच्या पॉलिश पेपरने गंज उतरवून चकचकीत धातू दिसू द्या, मग 180, आणि कडा 320 ने उतरत्या करा. कडेवरून नख फिरवा. अडकलं तर अजून घासायचं आहे. त्यावर टू-पॅक (हार्डनर मिसळून वापरायच्या) इपॉक्सी प्रायमरचे दोन पातळ हात.

चुंबक चिकटला नाही आणि खरवडल्यावर चंदेरी धातू दिसला तर ॲल्युमिनियम. त्याला लोखंडी तारेचा ब्रश अजिबात लावू नका, कारण लोखंडाचे कण रुतून तिथेच गंजाचे ठिपके येतात. स्कॉच-ब्राइट (नायलॉनची घासणी) आणि एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन घट्ट धरणारा प्रायमर, वापरा. टवक्याशेजारी तांबूस ओघळ असेल तर तो बहुधा गंजलेल्या लोखंडी स्क्रूचा. स्टेनलेसचा स्क्रू सीलंट लावून बसवल्याशिवाय वरून रंगवण्यात अर्थ नाही.

फायबरच्या भिंतीला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा रंगीत रेझिनचा थर, लागतो. साधा जेलकोट हवेत वरून चिकटच राहतो, म्हणून भरल्यावर त्यावर सेलोटेप लावा.

चुकीची वेळ

जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. थंडीतही पहाटेचं दव पत्र्यावर असतं, तेव्हा दहा ते तीनची वेळ धरा. ओल्या फडक्याने पत्रा पुसा. पंधरा मिनिटांत ओल गेली नाही तर त्या दिवशी डबा उघडू नका. पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा हार्डनर ओलाव्याशी संयोग पावून वायू सोडतो, त्याने रंगात बारीक बुडबुडे येतात. त्याच हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. ब्रशनेसुद्धा हातमोजे घालून मोकळ्या हवेत काम करा. स्प्रे मारायचा तर तो गॅरेजवाल्याकडेच, साध्या मास्कने भागत नाही.

एकाच थेंबात खड्डा भरणं

जाड थेंब वरून सुकतो, आतून मऊ राहतो आणि आक्रसून पुन्हा खड्डा पडतो. टूथपिकच्या टोकाने तीन-चार पातळ थर द्या. दोन थरांमधली वेळ आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच पाळा. शेवटचा थर किंचित वर राहू द्या. आठवडाभराने 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यातून फिरवून समतल करा, मग रबिंग कंपाउंड.

फक्त ट्रेलरलाच कवच घालणं

खडी बहुतेक वेळा ओढणाऱ्या गाडीच्याच मागच्या चाकांतून उडते. म्हणून पहिला खर्च तिथल्या जाड, जड रबरी मडफ्लॅपवर करा. हलका फ्लॅप वाऱ्याने उचलला जातो. पुढच्या भिंतीला पारदर्शक पीपीएफ (रंग वाचवणारी चिकट फिल्म) चांगली, पण नव्या रंगावर महिनाभर थांबून. कापडी कव्हर मात्र नको: आत अडकलेली वाळू ते फडफडताना रंगावर घासते.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळची फेरीबोट पकडली, तर पलीकडे मुक्कामाला पोहोचल्यावर त्याच दिवशी चेसी खालून गोड्या पाण्याने धुवा.