आयएस कोडच्या मसुद्यावर सूचना पाठवताय? या चुका टाळा

"साहेब, कोड लिहिणाऱ्यांनी कधी साइट बघितलीय का?" स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी हे वाक्य हमखास कानावर येतं. मीही ते कैक वर्षं म्हणत आलो. पण भारतीय मानक ब्युरो एखाद्या आयएस कोडचा, म्हणजे बांधकामासारख्या कामांच्या मानक नियमांचा, मसुदा सूचनांसाठी खुला करतो, तेव्हा आपल्यातले बहुतेक जण गप्प असतात.

सगळ्यात महाग चूक हीच. मसुद्यासोबतच्या पत्रात सहसा एक ओळ असते: सूचना आल्या नाहीत, किंवा आलेल्या फक्त भाषेपुरत्या असल्या, तर तुमची संमती धरून मसुदा अंतिम केला जाईल. म्हणजे तुमचं गप्प बसणं 'हो' म्हणून मोजलं जातं. सूचना पाठवायला कोड ठरवणाऱ्या कमिटीवर असावं लागत नाही, प्राध्यापक असावं लागत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, "कव्हरची अट अव्यवहार्य आहे, विचार व्हावा." कव्हर म्हणजे सळईला झाकणारा काँक्रीटचा थर. आता ते वाक्य वाचताना हसू येतं. कमिटीने याचं करायचं काय? सूचनांच्या तक्त्यात कलमाचा क्रमांक, सूचनेचा प्रकार, म्हणणं आणि सुचवलेला मजकूर असे रकाने असतात. आपण रागाच्या भरात तिसरा भरतो आणि शेवटचा कोरा ठेवतो. खरं वजन त्या शेवटच्या रकान्याला आहे.

उदाहरण घ्या. काँक्रीटच्या कामाचा कोड असलेल्या आयएस ४५६:२००० च्या कलम १२.३.२ प्रमाणे कव्हर ठरल्यापेक्षा १० मिमीपर्यंत जास्त चालतं, कमी मात्र अजिबात नाही. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिमी लागतं. आता रत्नागिरीच्या एखाद्या साइटवर चला. कव्हर ब्लॉक (कव्हर राखायला सळईखाली ठेवायचे ठोकळे) संपले म्हणून मिस्त्रीने सळईखाली खडीचे तुकडे सरकवलेत, आणि काँक्रीट दाबून बसवणारा व्हायब्रेटर लागला की ते घरंगळणार. इथे 'कव्हर नीट तपासावं' एवढं लिहून भागत नाही. 'काँक्रीट ओतण्यापूर्वी अमुक क्षेत्राला इतक्या ठिकाणी कव्हर मोजावे व नोंद ठेवावी' असं वाक्यच लिहून द्या. 'अमुक'च्या जागी आकडा तुमचा.

तो आकडा कुठून आणायचा? इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. 'आमच्या अनुभवानुसार' या शब्दांनी कुणी हलत नाही. चार-पाच स्लॅबवर टेपने मोजलेल्या नोंदी, तारीख, ब्लॉकमधलं अंतर, एवढं जोडलं तरी पुरे. क्यूबच्या, म्हणजे ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या, निकालांचंही तेच. सरासरी पाठवू नका, नमुन्यातल्या तिन्ही क्यूबचे वेगवेगळे आकडे पाठवा. कोड नमुन्यातल्या एका क्यूबला सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंतचाच फरक चालवून घेतो, आणि खरी गोष्ट त्या फरकातच दडलेली असते.

किरकोळ वाटणाऱ्या, पण सूचना बाद करणाऱ्या गोष्टीही आहेत. जुन्या प्रतीतला कलम क्रमांक मसुद्यावर चिकटवणं ही त्यातली नेहमीची. सुधारणेत क्रमांक सरकतात, म्हणून मसुदा शेजारी उघडा ठेवूनच लिहा. एकाच पत्रात सतरा मुद्दे कोंबू नका. आणि स्वतःच्या मालाचा खप वाढवणारी सूचना असेल, तर ती लगेच ओळखू येते. कमिटीवर उत्पादकांबरोबर वापरणारेही बसलेले असतात.

सूचना फेटाळली गेली तर? माझी दुसरीही गेली. नोंदी तेवढ्या फेकल्या नाहीत, वही अजून टेबलावरच आहे.