आगोटीच्या आधी: डीबीएची पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी तयारीची यादी

यंदा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरता भरता दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक शेजारची मुलगी, बीएस्सी आयटी होऊन वर्ष झालेली. दुसरा माझा मामेभाऊ, लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. दोघांनाही डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा ॲडमिनिस्ट्रेटर, व्हायचंय आणि दोघांनाही प्रत्येक जाहिरातीतली ‘किमान तीन वर्षांचा अनुभव’ ही ओळ आडवी येते. मी स्वतः पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या चिपळुणातल्या एका छोट्या फर्ममधून या कामात शिरले आणि आता नव्या मुलांच्या मुलाखतीही घेते. त्या दोघांना तोंडी सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. आपल्याकडे आगोटीची तयारी करतात तशी ही करायची. कौलं शाकारायची ती पाऊस लागायच्या आधी.

पहिलं काम म्हणजे एकच डेटाबेस निवडणं. ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस अशी चार नावं एका ओळीत लिहिलेला बायोडेटा आला की मी त्यातलं कुठलंही एक उचलून खोलात विचारते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाला तळ लागतो. पंधरा दिवस पुणे-नवी मुंबईच्या जाहिराती वाचा, कुठलं नाव किती वेळा येतं त्याच्या वहीत रेघा मारा आणि मग ठरवा. ठरत नसेल तर पोस्टग्रेस घ्या. १९८६ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेला हा डेटाबेस पूर्ण फुकट आहे आणि त्याचं अधिकृत मॅन्युअल इतकं नीट लिहिलेलं आहे की क्लासशिवाय त्याच्यावर शिकता येतं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरच्याही शिकण्यापुरत्या फुकट आवृत्त्या मिळतात. एक नीट आला की दुसऱ्याकडे वळायला फार वेळ लागत नाही, कारण आतली तत्त्वं बरीचशी सारखीच असतात.

नव्या लॅपटॉपसाठी कर्ज काढू नका. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स टाकून लिनक्सची दोन व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारे वेगळे कॉम्प्युटर) उभी करा, कारण पुढे एकावरचा डेटा दुसऱ्यावर आणायचा सराव लागणार आहे. क्लाउडवरचं फुकट खातं उघडलंत तर खर्चाची मर्यादा ओलांडली की मेल येईल अशी सूचना आधी लावा आणि सराव झाला की सर्व्हर बंद करा.

आता वीज. तौक्ते वादळानंतर, २०२१ च्या मे महिन्यात, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांनी दिवसच्या दिवस अंधारात काढले. आपल्याला याची सवय आहे, तर तिचा अभ्यासासाठी उपयोग करून घ्या. व्हर्च्युअल मशीनवर हजारो नोंदी भरणारी स्क्रिप्ट चालू करा आणि मध्येच त्या मशीनची वीज तोडा, म्हणजे शटडाउन न करता थेट पॉवर ऑफ. परत चालू करा आणि डेटाबेसने लिहिलेला संदेशांचा लॉग ओळ न ओळ वाचा. शेवटची कमिट झालेली, म्हणजे पक्की केलेली, नोंद आहे का? अर्धवट राहिलेली गेली का? या एका संध्याकाळच्या प्रयोगातून जे कळतं ते महिनाभर व्हिडिओ बघून कळत नाही.

त्यामागचं तत्त्व मी मुलांना नेहमी पतसंस्थेच्या भाषेत सांगते. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत चढतो, खतावणीत मागाहून. डेटाबेसही तेच करतो. बदल आधी बदलांच्या एका वेगळ्या लॉगमध्ये पक्का लिहितो, मूळ टेबलाच्या फाइलवर सवडीने उतरवतो. वीज गेली तर उठल्यावर रोजकीर्द वाचतो आणि खतावणी जुळवून घेतो. आता समजा खतावणीच जळाली. तुमच्याकडे रविवारची खतावणीची नक्कल आहे आणि त्यानंतरची सगळी रोजकीर्द दुसरीकडे सुरक्षित आहे. तर बुधवारी दुपारी दोन वाजून एकोणसाठ मिनिटांपर्यंतचा हिशेब तुम्ही जसाच्या तसा उभा करू शकता आणि तीन वाजता झालेली चूक बाहेर ठेवू शकता. याला पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी म्हणतात. नव्या उमेदवाराला हे करून दाखवता आलं तर मी त्याच्या अनुभवाची वर्षं मोजत बसत नाही.

म्हणून या यादीतला सगळ्यात मोठा वेळ रिस्टोअरला, म्हणजे बॅकअपवरून डेटा परत उभा करायला, द्या. बॅकअप घेणारी कमांड कोणीही इंटरनेटवरून उतरवून काढतो. दर रविवारी सकाळी डेटाबेस स्वतःच्या हाताने मोडा: एकदा टेबल उडवा, एकदा डेटाची फाइल पुसा, एकदा अख्खी मशीनच डिलीट करा. मग बॅकअपवरून उभा करा आणि घड्याळ लावून वहीत लिहा की किती मिनिटं लागली, किती नोंदी परत आल्या, कुठे अडलं. पोस्टग्रेसच्या पीजी-डम्पने घेतलेली प्रत आणि पीजी-बेसबॅकअपने घेतलेली प्रत यातला फरक वाचून पाठ करू नका. दोन्हींवरून रिस्टोअर करा, फरक आपोआप कळेल. सहा रविवारांनंतर ती वहीच तुमचा अनुभव असेल.

हे मी इतक्या कळकळीने का सांगते, त्याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका पतसंस्थेत एका ठेव योजनेचा व्याजदर बदलायला मला सांगितलं. मी अपडेट चालवला आणि अट लिहायची विसरले. सगळ्या योजनांचे दर बदलले. रात्रीचा बॅकअप होता, पेन ड्राइव्हवर. तो उघडायला गेले तर फाइल अर्धवट, कारण पेन ड्राइव्ह केव्हाच भरला होता आणि त्याकडे कोणीही, मीसुद्धा, पाहिलं नव्हतं. तिथल्या कर्मचाऱ्यांबरोबर बसून तीन दिवस छापील रजिस्टरांवरून दर परत भरले. दारात पासबुक घेऊन उभी असलेली माणसं मला अजून आठवतात. त्या दिवसापासून मी आधी ट्रान्झॅक्शन (कमिट करेपर्यंत मागे घेता येणारा बदलांचा गट) सुरू करते, त्याच अटीने सिलेक्ट करून ओळी मोजते, मग अपडेट, पुन्हा मोजणी, आणि आकडा जुळला तरच कमिट. ही सवय तुम्ही सरावाच्या डेटाबेसवरच लावून घ्या.

मोठ्या कंपन्यांतही हेच घडतं. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीमध्ये रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसली. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, पण पीजी-डम्प जुन्या आवृत्तीचा असल्याने अपयशी ठरत होता आणि तसं सांगणारे मेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाच्या प्रतीने, त्यांना वाचवलं. मधल्या साधारण सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून ठेवलंय. ते नक्की वाचा.

आणि बॅकअप ठेवायचा कुठे, हे चिपळूणकरांना वेगळं शिकवायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा मी ओळखते अशा एका कार्यालयात सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. दोन्ही चिखलातून बाहेर निघाली. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात, हा नियम पुस्तकात वाचताना कोरडा वाटतो. त्याच दिवशी चिपळूणच्या एसटी आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड घेऊन पाण्यात बुडालेल्या बसच्या टपावर कित्येक तास बसून होते. आपल्या ताब्यातली गोष्ट लोकांची आहे, ही जाणीव तशी असावी लागते. डीबीएच्या नोकरीचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर शिकवणारे भरपूर आहेत. जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन आणि नलचं (रिकाम्या किमतीचं) विचित्र वागणं हे हाताखालून गेलेलं हवं. दोन खिडक्या उघडून एकमेकांना अडवणारी दोन ट्रान्झॅक्शन चालवा आणि लॉक म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहा. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलेला रिलेशनल विचार एकदा शांतपणे समजून घ्या. टेबलं अशी का तोडायची, हे त्यातून उमगतं.

वेग वाढवण्याच्या सरावाला मोठा डेटा लागतो. तो आणायला कुठे जायला नको. पोस्टग्रेसबरोबर येणाऱ्या पीजीबेंच या वेग मोजायच्या साधनाला स्केल १०० दिलात की खात्यांच्या टेबलात एक कोटी ओळी तयार होतात. त्यात इंडेक्स (लवकर शोधण्यासाठीची सूची) नसलेल्या कॉलमवर शोध घ्या, शोध कसा झाला आणि किती वेळ लागला ते दाखवणाऱ्या एक्सप्लेन ॲनालाइझचा निकाल जपून ठेवा, इंडेक्स लावा, परत बघा. मग प्रत्येक कॉलमवर इंडेक्स लावून नोंदी भरण्याचा वेग किती पडतो तेही मोजा. इंडेक्स फुकट मिळत नाही, हे कळलेला फ्रेशर मला क्वचित भेटतो.

लिनक्समध्ये परवानग्या, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय), प्रोसेस आणि डिस्क एवढं तरी पक्कं हवं. डिस्कवरून माझा मुलाखतीतला ठरलेला प्रश्न आहे: रात्री दोन वाजता डिस्क शंभर टक्के भरली, काय कराल? ‘लॉग फाइली उडवू’ असं अनेक जण सांगतात. पोस्टग्रेसची रोजकीर्द ज्या फोल्डरमध्ये असते त्याचं नाव पूर्वी पीजी-एक्सलॉग होतं. नावात लॉग बघून लोक तो फोल्डर रिकामा करत आणि डेटाबेस गमावून बसत. शेवटी २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत त्याचं नाव बदलून पीजी-वॉल करावं लागलं. आधी जागा कशाने भरली ते शोधू, कुठली फाइल कशाची हे कळल्याशिवाय हात लावणार नाही, आणि वरिष्ठांना उठवू, हे उत्तर मला चालतं.

सरावासाठी नोकरीच्या ठिकाणचा खरा डेटा घरी आणू नका. सभासदांचे आधार क्रमांक, मोबाइल, थकबाकी ही लोकांची खाजगी माहिती आहे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तिच्यासाठीच झालाय. खोटी नावं तयार करून भरा.

त्याहून गंभीर गोष्ट खोट्या अनुभवाची. पैसे घेऊन तीन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवून देणारे लोक तुम्हाला भेटतील. नका करू. पीएफच्या नोंदीत तुमच्या नोकऱ्या दिसतात, आणि त्यात पकडले गेलात तर हातातली नोकरीही जाते. तपासणीतून सुटलात तरी पहिल्या रात्री प्रॉडक्शन, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात तो डेटाबेस, बंद पडल्यावर तुम्ही एकटे असाल. बायोडेटात सरळ लिहा: ‘प्रत्यक्ष डीबीए म्हणून अनुभव नाही, बारा वेळा रिस्टोअरचा सराव, नोंदी सोबत.’ त्या रविवारच्या वहीतून चार नीट टिपणं टाइप करून जोडा. काय मोडलं, कसं उभं केलं, किती वेळ लागला. सर्टिफिकेटमुळे बायोडेटा पहिल्या चाळणीतून पुढे सरकतो, तेव्हा परवडत असेल तर एक करा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लाससाठी मात्र घरातलं सोनं गहाण ठेवू नका.

दार पुढचंच उघडेल असं नाही. ॲप्लिकेशन सपोर्ट, रात्रपाळीचं मॉनिटरिंग, हॉस्पिटलच्या किंवा पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरची फर्म, लोट्यासारख्या वसाहतीतल्या कारखान्याचं ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), ही सगळी मागची दारं आहेत आणि आत शिरायला चांगली आहेत. मामेभावाला मी सांगितलं, तुझ्या कारखान्यात बॅकअप कोण बघतं ते विचार. कोणी बघत नसेल तर साहेबांची लेखी परवानगी घे आणि वेगळ्या मशीनवर एकदा रिस्टोअर करून दाखव. त्याचा अनुभव तिथूनच मोजायला लागेल. गावात बसून घरून काम, ही इच्छा मला समजते, माझीही होती. पण नवख्या माणसाच्या हाती प्रॉडक्शनच्या किल्ल्या लांबून सहसा कोणी देत नाही. पहिली दोन-तीन वर्षं पुण्यात किंवा मुंबईत शिकणाऱ्यांच्या मध्ये बसून काढायची तयारी ठेवा.

घरच्यांशीही आधी बोला. ऑन-कॉल, म्हणजे बोलावणं आलं की कधीही कामाला लागायची पाळी, म्हणजे काय हे माझ्या आईला पहिल्या गणपतीत कळलं. आरती चालू असताना मी लॅपटॉप घेऊन माडीवर गेले ते नैवेद्य झाल्यावरच खाली आले. तेव्हापासून गणपती आणि शिमग्याच्या तारखा मी वर्षाच्या सुरुवातीलाच टीमला देते आणि बदल्यात दिवाळीची पाळी घेते. गावी येताना दोन वेगळ्या कंपन्यांची सिम सोबत असतात, इन्व्हर्टरचं पाणी आठवड्याला तपासलं जातं.

नोकरी लागली की पहिल्या आठवड्यात काही बदलायला जाऊ नका. सर्व्हर किती, कुठे, पासवर्ड कोणाकडे, बॅकअप किती वाजता, हे विचारून लिहून काढा. मग तुमच्या वरिष्ठांना नम्रपणे एक प्रश्न विचारा: सर, शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला होता? ते थोडा वेळ गप्प राहिले, तर ‘मी करून बघू का?’ असं लगेच म्हणा.