पोषणशास्त्रात पीएचडी करू इच्छिणाऱ्यांसाठी

पोषण आणि आरोग्य या विषयात पीएचडीसाठी पदव्युत्तर पदवीला सर्वसाधारणपणे किमान 55 टक्के गुण लागतात आणि नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाच्या पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) या परीक्षेनंतर मुलाखत होते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएचडीची मुदत किमान 3 आणि कमाल 6 वर्षे आहे.

खरा कस विषय निवडताना लागतो. ‘मधुमेहींचा आहार’ हा विषय फार मोघम आहे; ज्वारीची भाकरी खाल्ल्यानंतर दोन तासांनी मधुमेही स्त्रियांच्या रक्तातील साखर किती असते, हा मोजता येणारा प्रश्न आहे. मार्गदर्शकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचूनच अर्ज करावा.

संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत कोणाचीही माहिती गोळा करू नये, आणि नमुन्याची संख्या, म्हणजे अभ्यासात किती जण घ्यायचे, ही संख्याशास्त्रज्ञाकडून आधीच ठरवून घ्यावी.

मागील 24 तासांतील आहार नोंदवताना ‘एक वाटी आमटी’ एवढ्यावर समाधान मानू नये: त्या घरातली वाटीच मागून घ्यावी, तिच्यात मावणारे पाणी मोजपात्रात मोजावे, आणि फोडणीचे तेल, दुपारचा चहा, उभ्या उभ्या तोंडात टाकलेले शेंगदाणे हे सारे आवर्जून विचारावे, कारण स्वयंपाक करणारी बाई स्वतःचे असे खाणे सहसा सांगतच नाही. पोषकमूल्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकांवरून काढावीत.