उरलेल्या बटाट्याचे पॅटिस: या चुका टाळा

बटाटेवड्यांचं सारण उरलं, मसाला डोशाची भाजी उरली, की दुसऱ्या दिवशी पॅटिस, हे आमच्याकडे ठरलेलं. त्या संध्याकाळी कुणा ना कुणाचा फोन येणं हेही ठरलेलं: "काकू, तव्यावर सगळं पसरतंय, काय घालू?" मी काही सांगायच्या आत तिकडे मूठभर मैदा पडलेला असतो. गेली कित्येक वर्षं त्याच तीन-चार चुका बघते आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात वाईट चूक आधी. बटाटा मिक्सरमध्ये फिरवू नका. एकदाही नाही, पल्सवर दोन सेकंदसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. वड्यांसाठी तीन किलो बटाटे उकडले होते, त्यातलं निम्मं सारण उरलं. राहिलेल्या पाहुण्यांना सकाळी पॅटिस द्यायचे ठरले. मी आंघोळीला गेले तेवढ्यात भाचीला सारणात गाठी दिसल्या. मदत करायची म्हणून तिने सगळं सारण मिक्सरमधून काढलं. येऊन बघते तर पातेल्यात खळ! चमचा उचलला की तार यायची, हाताला लागलं की सुटायचं नाही. पोरीचा चेहरा उतरला. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तिला काय बोलणार? तांदळाचं पीठ घातलं, रवा घातला, तासभर फ्रिजमध्ये ठेवलं. तव्यावर टाकल्यावर वरून करपले आणि आतून घशाला चिकटत राहिले. शेवटी राहिलेल्या गोळ्यात थालीपिठाची भाजणी, थोडं ज्वारीचं पीठ आणि चिरलेला कांदा मळून थालीपिठं लावली. ती चांगली झाली. मिक्सरमधून निघालेल्या बटाट्याची थालीपिठं नाहीतर पराठे करा, त्याचा पॅटिस पुन्हा होत नाही.

असं का होतं ते कळलं की हात आपोआप आवरतो. बटाटा शिजताना त्याच्या पेशींमधला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. हाताने कुस्करलं की पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण बहुतेक फुटत नाहीत. मिक्सरचं पातं त्या फोडतं, आतला फुगलेला स्टार्च बाहेर येतो आणि सुती साडीला घालतो तसली खळ तयार होते. गाठी नको असतील तर मी पुरणयंत्राला मोठ्या भोकांची जाळी लावून बटाटा गरम असतानाच काढते. गार झालेल्या सारणातल्या गाठी बोटांनी मोडायच्या. दहा मिनिटं लागतात. ती द्यायची तयारी नसेल तर त्या दिवशी पोहे करा.

दुसरी चूक ओलाव्याची, आणि ओलाव्यावर पिठाचा मारा करण्याची. बटाटे कापून थेट पाण्यात उकडले की पाणी पितात. मी ते सालासकट, अख्खे, कुकरच्या भांड्यात पाणी न घालता शिजवते. पाणी फक्त खाली कुकरमध्ये. सोलल्यावर परातीत पसरून वाफ जाऊ देते. झाकण ठेवलंत तर तीच वाफ पाणी होऊन परत आत मुरते. नवा, पातळ सालीचा बटाटा पाणचट असतो, जुना जास्त कोरडा. उन्हाळ्यात बाजारात वेफर्सचा बटाटा मिळतो, तो पॅटिसला उत्तम. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये कुफरी चिप्सोना-१ हा वाण वेफर्ससाठीच आणला. त्यात पाणी कमी आणि साखरही कमी, त्यामुळे तो तळताना लवकर काळा पडत नाही. याच कारणासाठी कच्चे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते.

सारण सैल झालंच, तर पिठाचा डबा उघडायच्या आधी ते कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता. तळाला हलकी साय धरायला लागली की उतरवा, पसरून गार करा, मग झाकून दोन तास फ्रिजमध्ये. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. शिळ्या भाताचा फोडणीचा भात मोकळा होतो, तोही याचमुळे. उरलेल्या बटाट्याचे पॅटिस ताज्यापेक्षा चांगले होतात ते याच गुणावर, आणि लोक नेमकं तेच सारण आधी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून मऊ करून घेतात! फ्रिजमधून काढा आणि थेट वळा.

एवढं करूनही हाताला लागत असेल तर अर्धा किलो सारणाला दोन मोठे चमचे पोह्याची पूड. कोरडे जाडे पोहे मिक्सरमधून काढायचे. मिक्सरचं काम इथे आहे. ब्रेडचा चुरा चालतो. मैदा घालू नका, पॅटिस रबरासारखा होतो आणि कच्च्या पिठाची चव मसाल्यावर बसते. बाहेरून मात्र बारीक रवा लावा. गोव्यात पोटॅटो चॉप्स रव्यात घोळवतात, त्या कुरकुरीतपणाला दुसऱ्या कशाची सर नाही.

तिसरी चूक उलथण्याची. पॅटिस तव्यावर ठेवल्यापासून अर्ध्या मिनिटात खालून उलथनं घालून बघायचं, हे थांबवा. मी बिडाचा तवा वापरते. पाण्याचा थेंब टाकल्यावर नाचला की तेल, मग पॅटिस, मग आच मध्यम, आणि चार मिनिटं हात लांब. कवच धरलं की पॅटिस स्वतःहून तवा सोडतो. सोडत नसेल तर तो झालेला नाही, खरवडून काही मिळणार नाही. एका वेळी चार-पाचच ठेवा. तवा भरून टाकला की तो गार पडतो आणि सगळे वाफेवर शिजतात.

कच्चा कांदा सारणात घालायचा असेल तर अगदी वळायच्या वेळी घाला. मिठाने त्याला पाणी सुटतं.

कोथिंबीर धुऊन फडक्यावर वाळवून मगच चिरा.

जाडी बोटाएवढी. पातळ मोडतात, जाड आतून गारच राहतात.

मीठ पुन्हा चाखा, पोह्याने चव उतरते.

उपासाच्या दिवशी हळद-मोहरीचं शिळं सारण चालणार नाही. नुसता उकडलेला बटाटा घ्या, त्यात शिंगाडा किंवा राजगिरा पीठ. साबुदाण्याचं पीठ थोडंच घाला, जास्त झालं तर गार झाल्यावर पॅटिस चिवट लागतात.

आता ज्या चुकीला उपाय नाही ती. समारंभाच्या गडबडीत सारणाचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं आणि सकाळी "वास तर येत नाहीये" म्हणून त्याचेच पॅटिस होतात. शिजलेला बटाटा दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, मे महिन्यात तर तासाभरात. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मधलं सारण बराच वेळ कोमट राहतं, म्हणून पसरट डब्यांत वाटून ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. काही जिवाणूंचं विष वासाने कळत नाही आणि तळूनही जात नाही. ओट्यावर रात्र काढलेलं सारण कितीही असो, टाकून द्या. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मला फोन करून विचारूसुद्धा नका.