पहिल्या पावसानंतर मुंग्यांची राणी कशी शोधावी

मृगाच्या सरी कोसळून गेल्या, वारा पडला आणि हवेत दमटपणा दाटला की कोकणात संध्याकाळी पडवीतल्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. घरी मुंग्यांची वसाहत पाळण्यासाठी राणी शोधायची तर हीच वेळ.

आधी वाळवी वेगळी काढा. तिची कंबर जाड, मिश्या सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे. मुंगीची कंबर बारीक, मिश्या कोपरात वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. यांतही नर पुष्कळ असतात. ते सडपातळ, इवल्याशा डोक्याचे, आणि मिलनानंतर लवकरच मरतात. राणीची छाती मात्र भरदार असते, कारण उडण्याचे स्नायू तिथेच असतात.

तरी दिव्यावर आलेल्या पंखवाल्या राणीच्या मागे लागू नका. तिचं मिलन झालंय की नाही, हे कळत नाही. झालं नसेल तर तिच्या अंड्यांतून फक्त नरच निपजतात. त्यापेक्षा बॅटरी घेऊन जमीन पाहा. अंगण, गडग्याचा (दगडी कुंपणाचा) पायथा, जांभ्याच्या फटी. मिलनानंतर पंख टाकलेली राणी तिथे एकटीच बिळाला जागा शोधत फिरते. छातीवर पंख गळल्याच्या खुणा दिसतात. मोठी, काळी असेल तर बहुधा डोंगळ्याची. झाडाच्या पानावर हिरवट राणी दिसली तर ओंबिलाची, म्हणजे पानं जोडून घरटं विणणाऱ्या तांबड्या मुंगीची. चिमटीत धरू नका, मऊ ब्रशने डबीत सरकवा. अभयारण्यातून मात्र काहीच उचलू नका.

परीक्षानळीत एक तृतीयांश पाणी भरा आणि पाण्याला टेकेल असा कापसाचा बोळा घट्ट बसवा. कोरड्या भागात राणी सोडून तोंडाला दुसरा बोळा लावा. नळी आडवी करून अंधाऱ्या कपाटात ठेवा.

डोंगळ्याच्या राणीला आता खाणं लागत नाही. निकामी झालेले उडण्याचे स्नायू विरघळतात, त्यांवरच ती जगते आणि पहिल्या अळ्या पोसते. लांब जबड्यांच्या, उड्या मारणाऱ्या मुंगीची राणी याला अपवाद. तिला शिकार द्यावी लागते. सर्वांत कठीण काम म्हणजे नळीला हात न लावणं. आठवड्यातून एकदाच पाहा. सारखी हलवलीत तर घाबरलेली राणी स्वतःची अंडी खाते.

साधारण महिना-दीड महिन्यात पहिल्या कामकरी मुंग्या दिसतील, नेहमीपेक्षा लहानखुऱ्या. मग मधाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब आणि मेलेल्या डासाचा तुकडा द्या. थेंब मोठा झाला तर त्या त्यात बुडतात.